आमच्या पोरांना आफ्रिका कशाला? : इतिहास अभ्यास मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ यांस
स. न. वि. वि.

बी.ए. तृतीय वर्षाच्या नव्या आराखड्यातून आपण दक्षिण आफ्रिकेचा घटक काढून टाकला आहे. पुरता काढलेला नाही असं आपण म्हणाल, आणि ते खरंही आहे. विसाव्या शतकातील जगावरच्या पेपरात ‘वर्णद्वेषविरोधी लढा : नेल्सन मंडेला’ एवढी एक ओळ ठेवली आहे. पंधरा तासिकांचा घटक एका ओळीत कोंबला की त्याला आम्ही शिक्षक काढून टाकणंच म्हणतो. तोंडी कळलेली कारणं तीन : या भागाला स्थानिक संदर्भ नाही, स्पर्धा परीक्षांना त्याचा उपयोग नाही आणि मराठीत संदर्भसाहित्य नाही. हरकती मागवल्या त्या ऐन परीक्षेच्या धामधुमीत. आम्ही काही जणांनी तरीही पाठवल्या, त्यांची साधी पोचही आली नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातली बहुतेक मुलंमुली घरातून पदवीपर्यंत आलेली पहिलीच. एस.टी.च्या पासवर येतात, हंगामात काहींचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, नाव विचारलं तर मान खाली घालून सांगतात. त्यांना हा घटक आवडतो म्हणून तो ठेवा, असं माझं म्हणणं नाही. त्यांना आवडणाऱ्या पुष्कळ गोष्टी मीही अभ्यासक्रमात ठेवणार नाही. पण आपण कमी आहोत ही भावना माणसाच्या मनात कशी घडवली जाते आणि माणसं ती कशी उपटून टाकतात, हे आपल्या अख्ख्या अभ्यासक्रमात इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेही येत नाही.

त्या पंधरा तासिकांत काय होतं ते आधी सांगतो. मंडळाला ते माहीत असणार, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत.

१९४८ साली गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि गोऱ्यांची जुनी वहिवाट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली. १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कुठे राहायचं ते ठरलं. १९५३ मध्ये बाकडी, प्रतीक्षालयं, समुद्रकिनारे वेगळे झाले, आणि वेगळी सोय तितकीच चांगली असण्याची गरज नाही हेही त्याच कायद्यात लिहून टाकलं. आफ्रिकी माणसाने खिशात पासबुक बाळगायचं, पोलिसाने मागितलं की काढून दाखवायचं. नसलं तर तुरुंग. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला या पासच्या विरोधात पोलीस ठाण्यापुढे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, ६९ माणसं मेली. पुढच्याच महिन्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेस (मंडेलांची संघटना) आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या दोन्ही संघटनांवर बंदी आली. १९६४ मध्ये मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली.

आपण ठेवलेल्या त्या एका ओळीतली गोष्ट इथे तुरुंगात शिरते ती थेट १९९० सालीच बाहेर येते. मधली पंचवीसेक वर्षं लोक काय करत होते? नेता आत असताना, संघटना बंद असताना, घरात दबल्या आवाजात बोलण्याची सवय लागलेली असताना पुन्हा ताठ उभं राहायचं कोणी ठरवलं, आणि कसं? आम्ही शिकवत होतो ते हे.

त्यातलं मुख्य नाव स्टीव्ह बिको. वर्गात आम्ही त्याला अरेतुरेच करतो, कारण ही गोष्ट सुरू होते तेव्हा तो माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. जन्म १९४६ चा. वडील लहानपणीच गेले, आई किंग विल्यम्स टाउनमध्ये गोऱ्यांच्या घरी कामाला जायची, पुढे इस्पितळात स्वयंपाकाला लागली. पोरगा डर्बनला नॅटल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात पोचला, अर्थात त्यातल्या काळ्यांसाठीच्या विभागात. १९६७ साली विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन ग्रॅहम्सटाउनच्या ऱ्होड्स विद्यापीठात भरलं. संघटना पुरोगामी विचारांची, वर्णद्वेषाच्या विरोधातली. सूत्रं मात्र गोऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती. विद्यापीठाने काळ्या प्रतिनिधींना आवारातल्या वसतिगृहात राहू दिलं नाही, त्यांची सोय दूर एका चर्चमध्ये लावली. अधिवेशन इथेच तहकूब करा, असा ठराव बिकोने मांडला. तो फेटाळला गेला. विद्यापीठाचा निषेध झाला आणि कामकाज पुढे चालू राहिलं.

दोन वर्षांत, १९६९ मध्ये, टर्फलूपला साउथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन, म्हणजे ‘सासो’, उभी राहिली आणि बिको तिचा पहिला अध्यक्ष झाला. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलायचं आणि आपण कृतज्ञ राहायचं, हा व्यवहारच त्यांनी बंद केला. आणि काळे म्हणजे कोण, याची व्याख्या कातडीवर ठेवली नाही. कायद्याने आणि रूढीने ज्यांना खाली दाबलं आणि जे त्याविरुद्ध एकत्र लढायला तयार आहेत ते सगळे काळे : आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीयसुद्धा. स्ट्रिनी मूडली आणि सॅथ्स कूपर हे भारतीय वंशाचे तरुण या चळवळीच्या पहिल्या फळीत होते आणि त्यापायी दोघांनी रॉबेन बेटावर तुरुंगवास भोगला.

‘सासो’च्या पत्रिकेत बिको टोपणनावाने लिहायचा. त्यातला एक उतारा मी दरवर्षी मराठी करून वाचून दाखवतो. काळा माणूस संडासाची कडी लावून आत एकटा असतो तेव्हा गोऱ्या मालकाच्या नावाने त्याचा चेहरा रागाने वाकडा होतो. मालकाची हाक ऐकू येते, तो धावत बाहेर येतो आणि तोच चेहरा लाचारीने उजळतो. घरी परतताना बसमध्ये सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून सरकारला शिव्या घालतो. पोलीस किंवा मालक समोर आला की त्याच सरकारचे गोडवे पहिल्यांदा हाच गातो. बिकोने हे आपल्याच माणसांबद्दल लिहिलं, त्यांच्यावर माया ठेवून पण भीड न ठेवता. शत्रूला शिव्या घालणं सोपं होतं. त्याने आधी स्वतःच्या घरातला आरसा पुसला.

हा उतारा वाचला की वर्ग गप्प होतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, कायदा होता म्हणून ती माणसं गप्प बसायची, का कायद्याची गरजच उरली नव्हती?” अध्यक्ष महोदय, हाच प्रश्न घेऊन ती चळवळ उभी राहिली होती. छळणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात जबर हत्यार म्हणजे छळ सोसणाऱ्याचं मन, हे बिकोचं वाक्य मी तोवर वर्गात सांगितलंही नव्हतं. पोरगी स्वतःच्या डोक्याने तिथवर पोचली. पुढचा तास मला शिकवावाच लागला नाही. गावात पाहुणा आला की आपली भाषा बदलून का बोलायचं, मुलगी दाखवायच्या आधी तोंडाला गोरेपणाचं क्रीम कोण फासायला लावतं, वर्गात प्रश्न विचारायला कोण घाबरतं आणि कोण नाही, यावर ती मुलंच तासभर बोलली.

आता शिक्षणाकडे येतो, कारण इथे हा विषय थेट आपल्या टेबलावर येतो. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलांच्या शाळा सरकारी खात्याच्या ताब्यात गेल्या. त्या खात्याचे मंत्री हेंड्रिक फेरवुर्ट यांनी संसदेत विचारलं होतं की बांटू पोराला गणित शिकवून उपयोग काय, व्यवहारात त्याला ते वापरायचं थोडंच आहे? गोऱ्यांच्या समाजात त्याला ठरावीक मजुरीच्या वरची जागा नाही, मग शिक्षणही तेवढ्याच मापाचं द्यायचं. पैसाही त्याच मापाने गेला. १९७५–७६ मध्ये सरकार एका गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड खर्च करत होतं आणि एका आफ्रिकी मुलामागे ४२.

त्यात भर म्हणून निम्मे विषय, त्यात गणितही, आफ्रिकान्समधून शिकवायचा हुकूम आला. सत्ताधाऱ्यांची ती भाषा शिक्षकांनाही धड येत नव्हती. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुलं गणवेशात रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटर्सनला उचलून धावणारा मुलगा आणि शेजारी रडत पळणारी हेक्टरची बहीण हा सॅम न्झिमा यांनी टिपलेला फोटो जगभर छापला गेला. माझ्या वर्गाच्या भिंतीवर त्याची झेरॉक्स आहे. पुढच्या काही महिन्यांत देशभर शेकडो माणसं मारली गेली, त्यात बहुतेक तरुण आणि मुलं.

मुलं कशाविरुद्ध मेली? अभ्यासक्रमाच्या एका निर्णयाविरुद्ध. आपल्याला काय शिकवायचं हे आपल्याला न विचारता, आपली लायकी आधीच ठरवून, कुणीतरी वर बसून ठरवलं म्हणून.

गैरसमज नको. मी मंडळाची तुलना त्या राजवटीशी करत नाही. आपल्यातले काही जण माझे शिक्षक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ‘या मुलांना याचा उपयोग काय’ हा प्रश्न जेव्हा शहरातल्या बैठकीत, आमच्या मुलांच्या गैरहजेरीत विचारला जातो, तेव्हा त्याचा सूर मला ओळखीचा वाटतो. तो तसा वाटू नये याची काळजी मंडळाने घ्यायला हवी होती.

आता कारणांबद्दल.

स्थानिक संदर्भ नाही म्हणता. मलिक अंबर कुठून आला होता? इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला जात. निजामशाहीची सूत्रं हातात घेऊन मुघलांना झुंजवणारा हा माणूस आपण शिकवतो, पण त्याचा खंड शिकवायचा नाही? महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना स्थानिक संदर्भ दिसला होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे मंडळाला सांगायला नको. त्याच वर्षी डर्बनमध्ये बिकोला मेडिकल कॉलेजातून काढून टाकलं होतं. आणि केप टाउनला रत्नागिरीकडून गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ते वंशभेदी कायदे त्यांनाही लागू होते.

आणखी एक. आपल्याकडे दक्षिण आफ्रिका म्हटलं की पीटरमॅरिट्झबर्गचं स्टेशन आणि गांधीजींना गाडीतून उतरवलं ती १८९३ ची रात्र. गोखल्यांचा १९१२ चा दौरा फार तर. त्या लढ्याची थोरवी मी कमी करत नाही, पण तो भारतीयांच्या हक्कांचा लढा होता. त्यात आफ्रिकी माणूस जवळजवळ नव्हता, आणि त्या काळातलं आपल्या पुढाऱ्यांचं आफ्रिकी लोकांविषयीचं बोलणंही नेहमी शोभणारं नव्हतं. भारतीय आणि आफ्रिकी तरुण एका नावाखाली उभे राहिले ते ‘सासो’त. गोष्टीचा पहिला अर्धा भाग ठेवून दुसरा अर्धा गाळणं, याला मी इतिहासाची छाटणी म्हणेन. याचा परिणामही दिसतो. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला आपली शिकलेली माणसं कोणत्या नावाने हाक मारतात आणि खोली भाड्याने देताना काय विचारतात, ते आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे.

स्पर्धा परीक्षांचं कारण मला गंभीरपणे घेता येत नाही. पदवीचा अभ्यासक्रम जर परीक्षेच्या क्लासने ठरवायचा असेल तर अभ्यास मंडळ कशाला हवं?

मराठीत साहित्य नाही, हे मात्र खरं आहे. बरीच वर्षं आम्ही दोघं-तिघं शिक्षक उतारे स्वतः मराठीत आणतो, झेरॉक्स काढतो, मुलं त्यावरून वह्या करतात. पण मराठीत पुस्तक नाही म्हणून विषय काढायचा आणि विषय नाही म्हणून पुस्तक कुणी लिहायचं नाही, असं चक्र आपणच फिरवत ठेवलं तर ते कधी थांबणार?

एकट्या मंडेलांवर भागवण्याला माझा विरोध का, हेही सांगायला हवं. आपल्याकडे कुणी महापुरुष ठरला की त्याची जयंती सुरू होते आणि त्याचं वाचन बंद पडतं. मंडेलांचंही तेच होईल. दहा गुणांच्या टिपेत सत्तावीस वर्षांचा तुरुंगवास आणि १९९४ ची निवडणूक. बिकोचीही मला तसबीर नको आहे. मला मुलांना दाखवायचं आहे ते काम. १९७३ मध्ये सरकारने त्याच्यावर निर्बंध घातले. किंग विल्यम्स टाउन सोडायचं नाही, एका वेळी एकाहून जास्त माणसांशी बोलायचं नाही, त्याचं वाक्य कुणी छापायचं नाही. त्या अवस्थेत त्याच्या सहकाऱ्यांनी जवळच्या झिन्योका गावात झानेम्पिलो हा दवाखाना उभा केला, डॉ. माम्फेला राम्फेले तो चालवत होत्या. सुटून आलेल्या राजकीय कैद्यांच्या घरांसाठी निधी काढला. कातडी वस्तूंचा छोटा उद्योग चालवला. स्वाभिमान म्हणजे नुसती घोषणा नव्हे, गावातल्या बाईचं बाळंतपण नीट होणंही त्यातच येतं, हे माझ्या विद्यार्थ्यांना भाषणातून कळत नाही, या दवाखान्यातून कळतं.

मे १९७६ मध्ये सहकाऱ्यांच्या खटल्यात बिको प्रिटोरियाला साक्षीला उभा राहिला. बोलायची बंदी असलेल्या माणसाला कोर्टानेच व्यासपीठ दिलं. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही स्वतःला काळे का म्हणवता, तुम्ही तर तपकिरी दिसता. तो म्हणाला, गोरे लोकही मला पांढऱ्यापेक्षा गुलाबी, पिवळट, फिकट असेच दिसतात. वर्ग इथे दरवर्षी हसतो. हसू द्यावं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून न्यायाधीशाला असं बिनधास्त उत्तर देणारा माणूस त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो.

१८ ऑगस्ट १९७७ ला ग्रॅहम्सटाउनजवळ नाक्यावर त्याला पकडलं. पोर्ट एलिझाबेथच्या कोठडीत नागवं करून बेड्यांत ठेवलं, चौकशीत डोक्याला जबर मार बसला. तपासायला आलेल्या सरकारी डॉक्टरने काही वावगं आढळलं नाही असा दाखला लिहून दिला. मग लँड रोव्हरच्या मागच्या भागात, नागव्याच अवस्थेत, अकराशेहून अधिक किलोमीटर दूर प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला तो मेला. वय तीस. पोलीस खात्याचे मंत्री जिमी क्रूगर म्हणाले, या मृत्यूने मला काही वाटत नाही. त्या वर्षीच्या चौकशीत कुणीच दोषी ठरलं नाही. ती चौकशी सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पुन्हा उघडली गेली आहे. तिथे जे प्रकरण अजून मिटलेलं नाही ते इथे आपण संदर्भहीन ठरवतो.

त्या दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरचा मी वर्गात मुद्दाम उल्लेख करतो. पोलिसाचं क्रौर्य मुलांना लगेच समजतं. शिकल्यासवरल्या माणसाची सही समजायला वेळ लागतो.

आमच्या मागण्या अशा :

दक्षिण आफ्रिकेचा घटक पूर्वीच्या पंधरा तासिकांसह परत घ्यावा. जागाच नसेल तर किमान दहा तासिकांचा ऐच्छिक घटक म्हणून तरी.

त्यात शार्पव्हिल, ९ ऑगस्ट १९५६ चा प्रिटोरियातला वीस हजार स्त्रियांचा मोर्चा (नव्या आराखड्यात त्याचा मागमूस नाही, जुन्यातही एकच वाक्य होतं), सासो आणि सोवेटो यांची स्वतंत्र नोंद असावी. मंडेला आहेतच.

घटक वगळण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त जाहीर करावं, आणि आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्यावं. पुढच्या वेळी हरकती परीक्षेच्या काळात मागवू नयेत, आणि ग्रामीण महाविद्यालयांतल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना तरी बैठकीत बोलू द्यावं.

मराठी साधनपुस्तिकेचं काम विद्यापीठाने हाती घ्यावं. अनुवाद आम्ही विनामोबदला करू. मूळ मजकुराच्या हक्कांची परवानगी आणि छपाई विद्यापीठाने पाहावी.

निर्णय होईपर्यंत आमच्या महाविद्यालयात हा घटक शनिवारी दुपारी, श्रेयांकाशिवाय, पूर्वीप्रमाणेच शिकवला जाईल. प्राचार्यांची परवानगी घेतली आहे. कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला येऊन बसता येईल, मंडळाच्या सदस्यांनाही. हजेरी घेतली जाणार नाही.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक